पेठेचा संघ आणि आमचे मावसे

जळगावच्या माणसाने कोल्हापूरच्या फुटबॉल संघावर जीव लावावा, हे आमच्या कचेरीतल्या मंडळींना आजही पटत नाही. "भाऊ, ना ते आपले गाव, ना आपली माणसे, तुमचे काय अडते?" असे ते विचारतात. बरेच वाचकही हेच विचारतील, म्हणून आधी कोल्हापूरविषयी चार शब्द सांगतो.

सगळा महाराष्ट्र क्रिकेटच्या नादी लागला तरी कोल्हापूर फुटबॉल सोडायला तयार नाही. तिथे पेठापेठांतून तालमी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, हे आपण शाळेत वाचले आहे. त्याच तालमींच्या पोरांनी पुढे चेंडूला पाय लावला. म्हणून तिथल्या संघांची नावेच बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालमीचे नाव नसलेले प्रॅक्टिस क्लब आणि शिवाजी तरुण मंडळही तितकेच नावाजलेले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे तिथल्या बोलीत के.एस.ए., वरिष्ठ गटात सोळा संघांची साखळी खेळवते. थंडीत हंगाम सुरू होतो, तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. सामने शाहू स्टेडियमवर होतात. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की त्या दिवशी शहरात दुसरा विषय नसतो.

आमचे मावसे सरकारी खात्यात शिपाई होते. १९८८ साली त्यांची धुळ्याहून कोल्हापूरला बदली झाली. माणूस खानदेशी, बोलणे अहिराणी, ओळखपाळख कोणाची नाही. खोली शोधताना प्रत्येक दारात आधी आडनाव विचारले गेले आणि आडनाव सांगितल्यावर खोली 'कालच दिली' असे उत्तर मिळाले. ज्या शहरात शाहू महाराज गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन चहा घेत, त्याच शहरात हे घडत होते. शेवटी शिवाजी पेठेत एका म्हाताऱ्या बाईने काही न विचारता खोली दिली. खोली शिवाजी पेठेतली म्हणून संघ खंडोबा, इतका साधा तो हिशेब.

आता गंमत बघा. मावसे बावीस प्रतिज्ञा घेतलेले आणि त्या पाळणारे. विहारातले लोक त्यांना चिडवत, "काय हो, तुम्ही खंडोबाला कधीपासून लागलात?" त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "मी देवाला नाही लागलो, चेंडूला लागलो."

१९९० च्या उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्र एक्स्प्रेसने आम्ही पहिल्यांदा कोल्हापूरला गेलो. संध्याकाळी जळगावला बसायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचे. मावशीच्या हातचा तांबडा रस्सा आमच्या खानदेशी जिभेलाही झणझणीत लागला, पण खरा ठसका लागला तो स्टेडियमवर. दुपारचे ऊन, दगडी पायऱ्या तापलेल्या, बुडाखाली वर्तमानपत्राची घडी. आजूबाजूला गवंडी, फौंड्रीतले कामगार, भाजीवाले, रिक्षावाले, शाळा बुडवून आलेली पोरे. शेंगदाण्याच्या पुड्या या हातातून त्या हातात जायच्या. चेंडू आपल्या पोराच्या पायात आला की पायऱ्यांवरचा सगळा जथा एकदम उभा राही आणि चेंडू गेला की एकदम खाली बसे. मैदानावरचा पोरगा सकाळी पेठेत दुधाची किटली घेऊन दिसलेला असायचा, त्यामुळे त्याला शिव्या घालण्याचा हक्कही घरचाच. "आरं भावा, काय झोपलास का काय!" असे मावसे कोल्हापुरीत ओरडले तेव्हा आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. घरी अहिराणी बोलणारा माणूस तिथे कोल्हापुरी झाला होता. पायऱ्यांवर त्यांना सगळे 'खानदेश' म्हणत. "खानदेश आलं का? जागा द्या रे त्यांना!" खोली देताना आडनाव विचारणाऱ्या शहरात पायऱ्यांवर ते कोणी विचारले नाही.

जळगावला परतल्यावर आमची खरी पंचाईत झाली. इथल्या वर्तमानपत्रांत कोल्हापूरच्या सामन्यांची ओळही येत नसे. मावशी वर्षातून दोन-तीनदा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कांदा-लसणाची चटणी पाठवी. ती 'पुढारी'च्या कागदात बांधलेली असे आणि मावसे तो कागद मुद्दाम खेळाच्या पानाचा घेत. आमची आई चटणी डब्यात काढी आणि तेलकट कागद आम्ही पळवत असू. महिनाभर जुन्या सामन्याचा निकाल वाचून आम्ही त्या दिवशी आनंदात असायचो किंवा जेवायचो नाही. चटणीचा डाग नेमका गोल करणाऱ्याच्या नावावर पडला तर त्याच्यासारखे दुःख नाही! पुढे एस.टी.डी. बूथ आले, रविवारी रात्री दर कमी असताना फोन करून आम्ही मावशीची तब्येत विचारायच्या आधी निकाल विचारत असू. आता सामने मोबाईलवर दिसतात, कचेरीत जेवणाच्या सुटीत बघता येतात. सोय झाली खरी, पण चटणीच्या कागदाची चव त्याला नाही.

या प्रेमातले वाईटही सांगितले पाहिजे. दोन पेठांच्या समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या, दगड-बाटल्या फेकल्या गेल्या, सामने थांबवावे लागले, पोलीस बंदोबस्तात खेळ झाला. मारामारीत नाव आलेल्या पोराची नोकरी जाते आणि त्याला चढवणारा पुढारी घरी चहा पीत असतो. मावसे असल्या दिवशी उठून चालते व्हायचे. पुढे पैसा आला, नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू आणले जाऊ लागले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. कातडीच्या रंगावरून त्यांना हिणवणारे आवाज पायऱ्यांवरून आले, त्याबद्दल मात्र आहे. आपण तरी ते ऐकून गप्प बसता कामा नये. इतके सगळे असून त्याच मातीतून अनिकेत जाधवसारखा रिक्षावाल्याचा मुलगा वर आला. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तो भारताच्या संघात होता. भारत तिन्ही सामने हरला, पण त्याला दिल्लीच्या मैदानावर धावताना बघून आमचा ऊर भरून आला.

तो सामना मावशांना बघायला मिळाला नाही. आदल्याच वर्षी ते गेले. आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसने पोचलो तेव्हा दारात पन्नास-साठ माणसे उभी होती. निम्मी विहारातली, निम्मी पायऱ्यांवरची. खांदा द्यायला पेठेतली पोरे पुढे आली, आणि त्रिसरण-पंचशील चालू असताना ती मागे हात जोडून उभी होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "खानदेशचं नाव काय हो खरं?" अठ्ठावीस वर्षे शेजारी बसून त्याला नाव माहीत नव्हते. याचा आनंद मानावा की खंत, हे आमचे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. जात न विचारता माणूस जवळ केला हे खरे, आणि नाव न विचारता जवळ केला म्हणून जमले, असेही कोणी म्हणेल. एकत्र ओरडणे म्हणजे एकत्र जेवणे नव्हे, इतके आम्हालाही कळते. पण ते साठ लोक कोणाच्या सांगण्यावरून आले नव्हते.

राहून राहून आम्हाला आमच्या खानदेशचे वाटते. पेठेने वर्गणी काढून बूट, बनियन, चेंडू पुरवायचे, जखमी पोराच्या औषधाचा खर्च करायचा, हे कोल्हापूरने पिढ्यान् पिढ्या केले. नागपुरात विजय बारसे या हिस्लॉप कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी पावसात मोडकी बादली लाथाडणारी वस्तीतली पोरे पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यावरचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आपल्या पोरांनी डोक्यावर घेतला. आमच्या जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत जयंतीला वर्गणी निघते, कमानी लागतात, डीजे वाजतो. त्या वर्गणीत चेंडू बसत नाही, असे बी.कॉम. झालेल्या माणसाला तरी कोणी सांगू नये.

म्हणून जयंतीचा जमाखर्च लिहिण्याचे काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही डीजेच्या रकमेतून थोडे काढून दोन चेंडू आणि एक हवा भरायचा पंप अशी ओळ घातली. बैठकीत अर्धा तास वाद झाला. ज्येष्ठांनी मान डोलावली, तरुणांनी तोंडे वाकडी केली, शेवटी मंजूर झाले. आता रविवारी सकाळी वस्तीमागच्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस पोरे खेळतात, त्यात चार मुली आहेत आणि गोलात उभी राहते तीही मुलगीच. पंप मात्र पहिल्याच महिन्यात हरवला. नवा घ्यावा लागेल, आणि वर्गणीची वही अजून आमच्याकडेच आहे.