पडदा चांगला, बाकी भंगार

टेबलावर एकच वायर, समोर चोवीस इंची पडदा, आणि तोही बोटाने चालणारा! टचस्क्रीन ऑल-इन-वन संगणक विकणाऱ्याचं अर्धं काम इथेच होतं. घर लहान, सीपीयूचा डबा नको, वायरींचं जाळं नको, हे मला पटतं. पण दुकानात उभ्याउभ्या दोन फोटो सरकवणं वेगळं आणि खुर्चीत बसून दिवसभर एक्सेलचे रकाने भरणं वेगळं. हात हवेत धरून काम करा, थोड्याच वेळात खांदा बंड करतो.

हे कंपन्यांना ठाऊक नाही असं समजू नका. एचपीने स्पर्शाने चालणारा एचपी-१५० आणला तो १९८३ साली. स्टीव्ह जॉब्स २०१० मध्ये जाहीरपणे म्हणाला की उभ्या पडद्यावर टच नको, हात गळून जातो. तरी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ च्या टाइल्स माउसवाल्यांच्याही गळ्यात मारल्या आणि पुढच्याच वर्षी स्टार्ट बटण गुपचूप परत आणलं. यावर शहाणं उत्तर म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच २०१६ चा सरफेस स्टुडिओ. त्याचा अठ्ठावीस इंची पडदा चित्रकाराच्या फळीसारखा आडवा होई. किंमत तेव्हा २,९९९ डॉलरपासून पुढे. घ्या!

आता मागचं झाकण काढा. बऱ्याच मॉडेलांत लॅपटॉपचाच प्रोसेसर, लॅपटॉपचीच रॅम; बॅटरी तेवढी गायब. लाइट गेली की सेव्ह न केलेलं काम गेलं. मग यूपीएस आणा, म्हणजे टेबलाखालून हद्दपार केलेला डबा दुसऱ्या नावाने हजर.

माझा खरा राग मात्र पुढेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर हवं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. म्हणजे २०१६ चं यंत्र अधिकृतपणे बाद. त्याचा पडदा अजून लख्ख आहे, पण उपयोग काय? पाठीमागचं एचडीएमआय पुष्कळदा फक्त 'आउट' असतं, त्यामुळे त्याला दुसरा सीपीयू जोडून मॉनिटर म्हणूनही वापरता येत नाही. उलट काच तडकली तर अनेकदा टच आणि पॅनेल एकत्र चिकटवलेले, म्हणून सगळाच भाग बदला. एक ना धड, भाराभर चिंध्या!

दवाखान्याच्या काउंटरवर, ग्रंथालयात पुस्तक शोधायला, हॉटेलच्या बिलिंगला हे यंत्र मी डोळे झाकून सुचवेन. तिथे माणूस उभा असतो, चार बटणं दाबतो आणि निघून जातो. घरी बसून टायपिंग करणाऱ्याने टचसाठी जादा पैसे मोजणं हा निव्वळ मूर्खपणा आहे.

तरीही घ्यायचंच असेल तर दुकानदाराला एकच विचारा: 'एचडीएमआय इन' आहे का? 'नाही' म्हणाला, तर साधा मॉनिटर आणि वेगळा सीपीयू घ्या.