विश्लेषण : मेकअप ही आवड की नोकरीची अट?

मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात सकाळी एक दृश्य हमखास दिसते. गाडी स्थानकात थांबली, की तेवढ्या वेळात कोणी काजळ रेखते, कोणी लिपस्टिक लावून घेते. यात हौस किती आणि कार्यालयाची अपेक्षा किती, हे बाहेरून कळत नाही. मेकअपवरील चर्चा मात्र ‘रूप मोठे की गुण’ याच जुन्या वादात अडकते. खरा प्रश्न निवडीचा आहे.

नोकरीत मेकअपची सक्ती असते?

विमानसेवा, हॉटेले, मोठी दालने अशा ठिकाणी ‘नीटनेटके दिसणे’ याचा अर्थ महिलांसाठी अनेकदा मेकअप असा लावला जातो. ‘व्हर्जिन अटलांटिक’ने महिला कर्मचाऱ्यांवरील हे बंधन मार्च २०१९ मध्ये काढले. अमेरिकेत नेवाडा राज्यातील एका कॅसिनोत सुमारे २० वर्षे काम केलेल्या महिलेला मेकअप नाकारल्यामुळे नोकरी गमवावी लागली होती. २००६ मध्ये अपील न्यायालयाने कॅसिनोच्या बाजूने निकाल दिला. पुरुषांनाही केस आखूड ठेवण्याचा नियम आहे, महिलांवर जास्त भार पडतो हे सिद्ध झालेले नाही, असे त्याचे सार होते. पण केस कापणे महिन्याकाठी एकदा, मेकअप रोजचा. त्याचा वेळ आणि पैसा कर्मचाऱ्याच्याच खिशातून जातो.

दिसण्याचा पगारावर परिणाम होतो?

हॅमरमेश आणि बिडल या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये अमेरिका व कॅनडातील माहिती तपासली. दिसायला सामान्याहून कमी मानल्या गेलेल्यांची कमाई पाच ते १० टक्के कमी आढळली. पुरुषांनाही हा फटका तितकाच बसत होता. तरीही रंगरंगोटीचा नियम महिलांसाठीच असतो, हे विसरता येणार नाही.

भारतात रंगाचे काय?

आपल्याकडे याला गोरेपणाचा पदर आहे. स्थळ पाहण्यापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत ‘उजळ’ हा शब्द डोकावतो. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. डबीवरचा शब्द बदलला; सावळ्या मुलीला हळद-बेसन सुचवणाऱ्या नातेवाईकांचे काय?

मग मेकअप वाईट का?

मुळीच नाही. कोड किंवा भाजल्याचे व्रण असलेल्यांना त्यामुळे निर्धास्तपणे बाहेर पडता येते. लावणी कलावंतांपासून नाटकातील नटांपर्यंत अनेकांच्या कलेचा तो भाग आहे. कोणाला निव्वळ मजा म्हणून नटावेसे वाटते. त्यालाही कारण द्यावे लागू नये. मेकअप केला तर ‘नटवी’ आणि नाही केला तर ‘गबाळी’, ही दुहेरी पट्टी मात्र सोडायला हवी.

कायदा काय सांगतो?

हिंदी चित्रपटसृष्टीत अनेक दशके महिलांनी पडद्यावर मेकअप लावून वावरायचे. पण मेकअप कलाकार म्हणून काम करायचे नाही, असा प्रकार होता. मुंबईतील संबंधित संघटना महिलांना केशभूषेपुरतेच सदस्यत्व देत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये चारू खुराणा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे चेहरा बाईचा, ब्रश मात्र पुरुषाच्याच हाती, ही रीत मोडायला न्यायालयापर्यंत जावे लागले.

मार्ग कोणता?

स्वच्छता, गणवेश, कामाच्या सुरक्षेचे नियम मालकाने जरूर घालावेत. चेहऱ्यावर काय लावायचे, हे त्यात येत नाही. भूमिकेसाठी मेकअप आवश्यकच असेल, तर त्याचा खर्च आणि वेळ कामाचा भाग धरावा. लोकलमधील त्या तरुणीने काजळ घातले काय, न घातले काय, दहाच्या बैठकीत तिचे काम तेवढे पाहिले जावे.