तिथं देव कोणता?

गौरी उठल्या आणि कापूस वेचणीला अजून वेळ होता, तेव्हा आमच्या शहागडच्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, गौताळ्याला जायचं. घरोघरी पहिला प्रश्न एकच आला, "तिथं देव कोणता?"

मैत्रिणींनो, बघा ना! पंढरपूरला, तुळजापूरला जायचं म्हटलं की कुणी अडवत नाही. नुसता डोंगर बघायचा म्हटलं की कपाळाला आठ्या. शेवटी पायथ्याची पाटणादेवी मदतीला धावली. देवीचं नाव निघालं नि परवानगी मिळाली.

खरं तर आमच्या दारावरून जाणारा सोलापूर-धुळे रस्ताच पुढे कन्नडचा घाट उतरतो. इतकी वर्षं त्या दिशेच्या गाड्या मोजल्या, पण घाट पाहिलेल्या आमच्यात दोघीच.

१९८६ साली अभयारण्य झालेला हा डोंगर छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलाय. ऐन मराठवाड्यात इतकं हिरवं! साग, सालई, पळस, मधेच पाण्याचा आवाज. पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना गुडघे बोलायला लागले, पण दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली हत्तींची रांग पाहून आमच्यातली सर्वांत अबोल बाई म्हणाली, "बाई, हे कुणी सांगितलं न्हाई कधी." पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. तसा शिलालेखच आहे. गणितात नापास होऊन शाळा सोडलेल्या दोघी ते कान देऊन ऐकत होत्या.

२०२१ साली विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत या जंगलात आला होता. हे सांगितल्यावर एकजण पटकन म्हणाली, "त्याला कुणी इचारलं नसंल, सैपाकाचं काय म्हणून!" हसून हसून पुरेवाट झाली. पण मला ते लागलं.

आता खरी रड. त्या दिवशी आमच्यातल्या निम्म्या बायका सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. का, ते तुम्हाला सांगायला नको. वाटेत एका पंपावर थांबलो, तर बायकांच्या संडासाला कुलूप. चावी मालकाकडे, मालक गावाला. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहून मोकळे. संध्याकाळपर्यंत एकीचं ओटीपोट दुखायला लागलं, दुसऱ्या दिवशी दवाखाना. पर्यटन वाढवा म्हणून मोठमोठे फलक लागतात, पण बाईमाणूस घरून निघताना आधी पाणी बंद करतं, हे कुणाच्या हिशेबात आहे का? कमान, रंगीत बाकडी नंतर करा. आधी दर तीस-चाळीस किलोमीटरला कुलूप नसलेला, पाणी असलेला संडास द्या. आणि आपणही कुलूप दिसलं की मान खाली घालून गाडीत बसायचं नाही, चावी मागायची. मी त्या दिवशी मागितली नाही, लाज वाटली. तेच अजून सलतंय.

घरी आल्यावर आत्याबाईंनी प्रसाद मागितला. पाटणादेवीचा दिला. मग हळूच म्हणाल्या, "ते हत्ती लई खाली हायेत का? मला जमंल का उतराया?"