घराखालची वाळू

समुद्रकाठी ओल्या वाळूत एका जागी उभे राहून पाय भराभर आपटले की टणक वाटणारी वाळू पातळ होते आणि पाय रुततात. हा खेळ आपण बेटावरच्या लोकांनी लहानपणी पुष्कळ खेळला आहे. भूकंपात हेच शहराच्या पायाखाली घडते. सैल, पाण्याने भरलेल्या वाळूचे कण हादऱ्याने जवळ येऊ पाहतात. मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कणांचा एकमेकांचा आधार सुटतो. याला जमिनीचे द्रवीभवन म्हणतात.

१६ जून १९६४ रोजी जपानमधील निइगाता शहरात चार मजली इमारती न मोडता कलल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. बांधकाम पक्के होते, जमिनीने दगा दिला. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत सीड आणि इद्रिस यांनी हा धोका आधी ओळखण्याची एक सोपी रीत मांडली. बोअरमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर खाली जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके थोडे, तर वाळू सैल. त्यात पाण्याची पातळी आणि संभाव्य हादरा धरून हिशेब करतात. हिशेब कधी चुकतोही. पण भूकंपाची तारीख कोणालाच सांगता येत नाही, धोक्याची जागा मात्र बरीचशी सांगता येते.

म्हणूनच न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चची हकीकत मनाला लागते. सप्टेंबर २०१० च्या भूकंपात अंगणांतून वाळू उसळली. लोकांनी ती फावड्यांनी उपसली. २२ फेब्रुवारी २०११ रोजी कित्येक अंगणांत ती पुन्हा आली, जूनमध्ये पुन्हा. शेवटी सरकारने सुमारे ८ हजार घरांची वस्ती उठवली. आणि धोका दाखवणारे नकाशे भूकंपाआधीच तयार होते! याला दैवी कोप म्हणायला माझे मन तयार नाही.

आपल्या बेटाला मोठ्या भूकंपाचे भय फारसे नाही, हे खरे. पण आपली मुले ऑस्ट्रेलियात, कॅनडात घरे घेत आहेत. व्हँकुव्हरशेजारचे रिचमंड नदीच्या गाळावर वसले आहे. घर दाखवणारा दलाल हे आपणहून सांगेल काय? विक्रीच्या कागदांबरोबर जमिनीच्या तपासणीचा अहवाल देणे विकणाऱ्यावर बंधनकारक असावे, असे माझे मत आहे. त्याने किमती पडतील म्हणतात. पडू द्याव्यात. तोवर, मुलगा फोनवर नव्या घराच्या स्वयंपाकघराचे वर्णन करू लागला, की त्याला खालच्या जमिनीचेही विचारावे.