देशोदेशींचे संसार : चिनी नगरांतील लेक, सून आणि आजी

काका, मामा, मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान या सर्वांस इंग्रजींत एकच शब्द पुरतो, हें आमच्या घरांतील मुलांस शाळेंत प्रथम कळतें तेव्हां त्यांस मोठी मौज वाटते. नात्यांच्या शब्दांत आपली भाषा श्रीमंत खरी. परंतु चिनी भाषा या बाबतींत आपल्याही पुढें गेलेली आहे. तेथें वडिलांचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शुशु’, वडिलांची बहीण ‘गूगू’, आईचा भाऊ ‘ज्यौज्यौ’ आणि आईची बहीण ‘यी’. वडिलांकडील आजोबा ‘येये’ व आजी ‘नायनाय’; पण आईकडील आजोबा ‘वायगोंग’ व आजी ‘वायपो’. यांतील ‘वाय’ या शब्दाचा अर्थ ‘बाहेरचा’. लेकीचीं मुलें बाहेरचीं, लेकाचीं घरचीं, हा कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील कुटुंबाचा दंडक त्या एका अक्षरांत येऊन बसला आहे. एका छपराखालीं चार पिढ्या नांदाव्या, हें त्या समाजानें शतकानुशतकें परमभाग्याचें लक्षण मानिलें.

आतां याच भाषेच्या देशांत, शांघाय किंवा बीजिंगसारख्या नगरांत, असें मूल सहज आढळतें कीं ज्याला काका नाहीं, आत्या नाहीं, मामा नाहीं व मावशीही नाहीं. त्याचा बाप एकुलता एक आणि आईही एकुलती एक. शब्द सगळे शिल्लक आहेत. हांक मारावयास माणूस नाहीं.

हें कसें झालें तें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. इ. स. १९८० च्या सुमारास चीनच्या सरकारनें दर जोडप्यास एकच अपत्य असा निर्बंध घातला. खेड्यांत पुढें पुष्कळ प्रांतांनीं पहिली मुलगी झाल्यास दुसऱ्या अपत्याची मुभा दिली. शहरांत मात्र, विशेषतः सरकारी नोकरीत असलेल्यांवर, हा निर्बंध कडक राहिला. १ जानेवारी २०१६ पासून दोन अपत्यांस व २०२१ सालीं तीन अपत्यांस अनुज्ञा मिळाली. मधल्या पस्तीस वर्षांत पुत्रलोभानें जें घडावयाचें तें घडलें. २००४ च्या सुमारास तेथें दर शंभर मुलींमागें एकशें वीसाहून अधिक मुलगे जन्मत होते. गर्भांतच किती मुली नाहींशा झाल्या याचा हिशेब त्या आंकड्यांतच आहे.

परंतु शहरांत ज्या मुली जन्मल्या व वाढल्या त्यांच्या बाबतींत याच निर्बंधाचा एक अगदीं उलट परिणाम झाला. ‘लग्न झालेली मुलगी म्हणजे ओतून टाकलेलें पाणी’ अशी चिनी म्हण आहे. पण घरांत एकच घागर असली तर तिचें पाणी कोण ओतून टाकील? भाऊच नसल्यामुळें मुलाच्या वांट्याचें शिक्षण, वादनाची शिकवणी, इंग्रजीचा मास्तर, आजोबांची माया आणि बापाची महत्त्वाकांक्षा हें सर्व तिच्याच पदरांत पडलें. आज चीनच्या विश्वविद्यालयांतील पदवीच्या वर्गांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी मुलीच आहेत.

अशी शिकलेली, मिळवती, स्वतंत्र खोलींत राहणारी लेक तिशीकडे झुकूं लागली कीं तिच्या आईबापांची झोंप उडते. शांघायच्या मध्यभागीं ‘जनता उद्यान’ नांवाची एक बाग आहे. तेथें २००४-०५ पासून दर शनिवार-रविवारीं उपवर मुलामुलींच्या आईबापांचा बाजार भरतो. उघडलेल्या छत्र्या जमिनीवर ओळीनें मांडलेल्या आणि प्रत्येक छत्रीला एकेक कागद टांचलेला : जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, शहराचा दाखला आहे कीं नाहीं, स्वतःचें घर आहे कीं नाहीं. आमच्याकडील वधूवरांच्या टिपणांत आणि त्या कागदांत गोत्र व नाडी सोडल्यास फारसें अंतर नाहीं. मौज एवढीच कीं, ज्याचा किंवा जिचा तो कागद, तीं व्यक्ति तेथें नसते. पुष्कळदां आपली छत्री मांडली गेली आहे हेंही तिला ठाऊक नसतें.

त्या बाजारांत मुलांपेक्षां मुलींचे कागद अधिक असतात. देशभर पाहतां २०२० च्या शिरगणतींत पुरुष स्त्रियांपेक्षां जवळजवळ साडेतीन कोटींनीं अधिक निघाले. मग नगरांत मुलींसच वर मिळूं नयेत, हें कोडें काय? उलगडा सोपा आहे. मुलगी आपल्याहून वरच्या घरीं द्यावी आणि सून आपल्याहून खालच्या घरची करावी, हा नियम तेथेंही रूढ आहे. त्यामुळें शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभी असलेली स्त्री आणि सर्वांत खालच्या पायरीवर उभा असलेला खेड्यांतील गरीब शेतकरी, हीं दोन्हीं शेवटीं एकटींच राहतात. या स्त्रियांस चिनी भाषेंत ‘शंगन्यू’ असें म्हणूं लागले. शब्दशः अर्थ ‘उरलेली बाई’; ताटांत उरलेल्या अन्नास लावावें तेंच विशेषण. हा शब्द तेथील शिक्षणखात्यानें २००७ सालीं नव्या शब्दांच्या यादींत दाखल केला, आणि साधारण सत्तावीस वर्षांच्या अविवाहित मुलीस तो लागूं लागला. आम्हांस हा शब्द क्रूर वाटतो. बत्तीस वर्षांच्या अविवाहित पुरुषास कोणी उरलेला म्हणून हिणवीत नाहीं. तो अजून ‘शोधांत’ असतो.

विवाह ठरला म्हणजे देण्याघेण्याची बोलणीं येतात. आमच्याकडे हुंड्याचा ओघ वधूपक्षाकडून वराकडे. चीनमध्यें तो वराकडून वधूपक्षाकडे, आणि त्या रकमेस ‘छायली’ म्हणतात. ती फार चढल्यामुळें मोडलेल्या लग्नांचे तंटे इतके वाढले कीं सर्वोच्च न्यायालयास त्यासाठीं स्वतंत्र नियम करावे लागले. ते फेब्रुवारी २०२४ पासून अमलांत आहेत. शहरांत मात्र खरा प्रश्न घराचा. वराच्या बापानें सदनिका घेऊन द्यावी ही अपेक्षा. आणि २०११ सालीं न्यायालयानें असा अर्थ लाविला कीं, एका पक्षाच्या आईबापांनीं घेऊन आपल्याच अपत्याच्या नांवें नोंदविलेलें घर त्या अपत्याच्याच मालकीचें. ज्या सुनेनें आपला पगार घरखर्चांत व सामानसुमानांत घातला ती काडीमोडीच्या वेळीं रिकाम्या हातीं बाहेर पडूं लागली, तेव्हां हा प्रश्न घरोघरीं चर्चिला गेला.

येथें एक लहानशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. विवाहनोंदणीस जातांना कुटुंबाच्या वास्तव्याची सरकारी वही, जिला ‘हुकौ’ची वही म्हणतात, ती दाखवावी लागे. ही वही बहुधा आईबापांच्या कपाटांत. १९५० च्या विवाहकायद्यानें बळजबरीचें लग्न, बालवाग्दान व उपपत्नी ठेवण्याची चाल हीं एका फटक्यासरशीं रद्द केलीं, विवाह केवळ वधूवरांच्या संमतीचा ठरविला. तरी त्या कपाटाच्या किल्लीनें पाऊणशें वर्षें आपला अधिकार थोडाबहुत चालविलाच. १० मे २०२५ पासून वहीची अट काढून टाकण्यांत आली आहे.

१९५० च्या त्याच कायद्यानें पतिपत्नींस आपापलें कुलनाम राखण्याचा हक्क दिला, आणि आज चिनी स्त्री विवाहानंतर आडनांव बदलीत नाहीं. याचें एक उदाहरण महाराष्ट्रास परकें नाहीं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले, १९४१ सालीं त्यांनीं ग्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मुलाचें नांव ‘यिनह्वा’. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘ह्वा’ म्हणजे चीन. बाई पुढें कोटणीसांच्या माणसांस भेटावयास भारतांतही आल्या, इ. स. २०१२ मध्यें निवर्तल्या तोंवर त्या ग्वो छिंगलानच राहिल्या.

पण आईचें नांव आईपाशींच राहतें. मुलास लागतें तें बापाचें. एकुलत्या एका लेकीच्या बापास हेंच जाचतें. छिंगमिंगच्या दिवशीं, म्हणजे एप्रिलच्या आरंभीं, पूर्वजांचीं थडगीं झाडून त्यांस नैवेद्य दाखवावयाचा असतो. आपल्यामागें आपल्या कुळाच्या नांवानें तें कोण करणार? या काळजीतून च्यांगसू व चच्यांग या प्रांतांत, म्हणजे शांघायच्या आसपासच्या सधन मुलुखांत, एक नवीनच चाल निघाली आहे. तिला ‘दोन टोंकांचें लग्न’ म्हणतात. यांत मुलगी दिली असेंही नाहीं आणि जांवई घरांत घेतला असेंही नाहीं. छायली नाहीं, आंदण नाहीं. दोन्ही घरीं एकेक खोली सजवून ठेवावयाची आणि नवराबायकोनीं आळीपाळीनें राहावयाचें. मुलें दोन व्हावींत अशी बोली; एकास बापाचें आडनांव, दुसऱ्यास आईचें. आणि दोन्ही मुलांनीं दोन्हीकडील आजीआजोबांस ‘येये’ व ‘नायनाय’ म्हणावयाचें. ‘बाहेरचा’ हा शब्द अशा रीतीनें घरांतून हद्दपार झाला.

ही युक्ति आम्हांस मनापासून आवडली. तथापि तींतील अडचणी कोणाही गृहिणीच्या लक्षांत येतील. दुसरें मूल झालेंच नाहीं तर? थोरली मुलगी व धाकटा मुलगा झाला, तर आडनांवाची वांटणी करतांना बोलीची आठवण कोणास किती राहील? आणि सख्ख्या भावंडांचीं आडनांवें निराळीं असली म्हणजे पुढें वडिलोपार्जित मिळकतीपाशीं तीं सख्खीं राहतील कीं चुलत होतील? सध्यां हीं मुलें लहान आहेत. उत्तर मिळावयास कांहीं वर्षें लागतील. सणाचें कोडें मात्र आजचें आहे. नववर्षाच्या आदल्या रात्रीं सर्वांनीं एकत्र जेवावयाचें व नववर्षाच्या दुसऱ्या दिवशीं लेकीनें माहेरीं जावयाचें, ही तेथील जुनी रीत. आतां सून गेली नाहीं तर सासरीं पान मांडावयास कोणी नाहीं, आणि ती गेली तर माहेरीं म्हातारा व म्हातारी दोघेंच. कित्येक जोडपीं एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असा तोड काढतात, आणि तरीही दर वर्षीं भांडतात.

बाळंतपणाच्या बाबतींत मात्र चिनी शहर अजून पुरतें जुनें आहे. बाळंतिणीनें ‘महिना बसावयाचें’ असा तेथील वाक्प्रचार आहे. त्या महिन्यांत गार पाणी नाहीं, वारा नाहीं, केस धुणें नाहीं. उत्तरेकडे बारीक भरड्याची पेज, लाल साखर व अंडीं, दक्षिणेकडे आलें घातलेले मांसाचे काढे. पदार्थ आमच्या स्वयंपाकघरांत न येण्याजोगे. परंतु शेगडी, धुरी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांच्यामागील बुद्धि तीच. पूर्वी हें सर्व सासू करीत असे. आतां ऐपतीचीं कुटुंबें यासाठीं उघडलेल्या विश्रामगृहांत बाळंतिणीस ठेवितात, किंवा ‘युएसाओ’ बोलावितात. ‘युए’ म्हणजे महिना आणि ‘साओ’ म्हणजे वहिनी.

ही महिन्याची वहिनी कोण असते? बहुधा खेड्यांतून आलेली, स्वतःचीं मुलें मोठीं केलेली किंवा मागें सोडून आलेली स्त्री. १९५८ च्या नियमांनीं प्रत्येक चिनी माणूस खेड्याचा किंवा शहराचा असा नोंदला गेला. खेड्याच्या नोंदीच्या बाईस शहरांत राबतां येतें, परंतु तिच्या मुलास शहरांतील सरकारी शाळेचें दार सहज उघडत नाहीं. म्हणून तीं मुलें गांवीं आजीजवळ वाढतात आणि त्यांची आई दुसऱ्याच्या बाळास न्हाऊंमाखूं घालते. नगरांतील शिकलेल्या स्त्रीच्या स्वातंत्र्याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. तें स्वातंत्र्य कोणाच्या हातांवर उभें आहे हें कमी लिहिलें जातें.

तें मूल महिन्याचें झालें, लाल अंडीं वांटून झालीं, कीं मग आजीची पाळी. बागांतून सायंकाळीं गाण्याच्या तालावर ओळीनें नाचणाऱ्या ज्या प्रौढ बायका चीनच्या प्रत्येक शहरांत दिसतात, त्यांतील कित्येकींचा दिवस नातवाला शाळेंत पोंचविणें, आणणें, भरविणें यांत जातो; तो तासभराचा नाच हीच त्यांची सुटी. आणि आजी थकल्यावर? २०१३ च्या १ जुलैपासून वृद्धांच्या हक्कांच्या सुधारलेल्या कायद्यानें, दूर राहणाऱ्या मुलांनीं आईबापांस वारंवार भेटावयास जावें असें कलमच घातलें. त्याच दिवशीं वूशी येथील न्यायालयानें एका सत्याहत्तर वर्षांच्या आईच्या फिर्यादीवरून तिच्या लेकीस दर दोन महिन्यांनीं निदान एकदां भेटीस जाण्याचा हुकूम दिला. लेकीची भेट दरबारीं जाऊन मागावी लागावी, हें वाचून आमचें मन विषण्ण झालें. पण ज्या लेकीस एकटीला दोन म्हातारीं माणसें, नवऱ्याकडील आणखी दोन, नोकरी व मूल हें सर्व ओढावयाचें असतें, तिची बाजूही त्या न्यायालयांत कोणीतरी मांडली असेल असें आम्ही समजतो.

आतां सरकार म्हणतें, तीन मुलें होऊं द्या. २०२५ पासून तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागें सालीना ३६०० युआन देण्याचेंही ठरलें आहे. लेकींनीं मात्र अद्याप तें मनावर घेतलेलें दिसत नाहीं. २०१३ सालीं चीनमध्यें सुमारें १ कोटी ३५ लक्ष विवाह नोंदले गेले होते. २०२४ सालीं ६१ लक्ष. २०१६ सालीं सुमारें १ कोटी ७९ लक्ष बालकें जन्मलीं. २०२४ सालीं ९५ लक्ष. नोकरी देतांना ‘लग्न केव्हां, मूल केव्हां’ असें विचारूं नये अशी ताकीद नऊ सरकारी खात्यांनीं मिळून २०१९ सालीं काढली. तशी ताकीद काढावी लागली यावरून प्रश्न किती विचारला जात असेल हें कळतें.

शिवाय ज्या आजीच्या भरंवशावर हीं तीन मुलें वाढावयाचीं, तिचाही हिशेब बदलला आहे. कारखान्यांतील स्त्रीस पन्नासाव्या व कचेरींतील स्त्रीस पंचावन्नाव्या वर्षीं निवृत्ति मिळे. १ जानेवारी २०२५ पासून तीं वयें हळूहळू वाढवून पंधरा वर्षांत पंचावन्न व अठ्ठावन्नवर नेण्याचें काम सुरू झालें आहे. सून कामावर परत जावयास निघेल त्या सकाळीं सासूही डबा घेऊन तिच्याबरोबरच जिना उतरत असेल.