व्यवहार आणि विवेक : तक्रारीचे पत्र आणि चार कषाय



परदेशगमन ही आता आपल्या समाजात अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. खर्डा, जामखेड, कडा, आष्टी या गावांतील किराणा-कापडाच्या दुकानांत ज्यांचे बालपण गेले, त्यांची मुले आज जर्मनीत, हॉलंडमध्ये, इंग्लंडमध्ये नोकरी करीत आहेत. सूनबाईंच्या बाळंतपणाच्या किंवा नातवंडांच्या ओढीने साठी-सत्तरीचे आई-वडील प्रथमच विमानाची पायरी चढत आहेत. इ. स. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांना आले होते. साध्वाचाराच्या मर्यादेमुळे त्यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून वीरचंद राघवजी गांधी हे श्रावक तेथे गेले. आहाराचे नियम सांभाळून परदेश गाठता येतो, हे तेव्हापासून सिद्धच आहे. प्रश्न उरतो तो व्यवहाराच्या जाणकारीचा.

प्रथम आहाराविषयी. विमान कंपन्यांच्या यादीत जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ असा स्वतंत्र संकेत आहे. ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी भोजन. त्यात कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. एजंट पुष्कळदा दुसराच संकेत नोंदवितात, म्हणून तिकिटावर तो स्वतः वाचावा. ही नोंद साधारणतः किमान २४ तास आधी करावी लागते, काही कंपन्यांना ४८ तास लागतात. पुढचे विमान भागीदार कंपनीचे असेल, तर तिच्याकडेही खात्री करून घ्यावी.

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. विमान पश्चिमेकडे जात असल्याने रात्र लांबत जाते आणि पहिले भोजन अंधारातच समोर येते. नवकारसी व चौविहार पाळणाऱ्यांनी म्हणूनच खाकरा व सुका मेवा जवळ ठेवावा. सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते. उकळलेले पाणी विमानात मागून मिळते. मात्र युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. नातवासाठी घेतलेले पेढे आणि घरचे तूप येथेच ठेवावे.

आता मूळ विषयाकडे वळतो. गतवर्षी नोव्हेंबर महिन्यात मुलाकडून परतताना आम्हा उभयतांचे तिकीट एका युरोपीय कंपनीचे होते. पहिले विमान तांत्रिक बिघाडामुळे साडेतीन तास उशिरा सुटले आणि पुढील विमानतळावर पोहोचेपर्यंत मुंबईचे विमान निघून गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. त्या मोसमात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही खिडकीपाशी रांगेत उभे राहिलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. सौ. तीस वर्षे चौविहार पाळीत आहेत. सकाळपासून त्यांच्या पोटात फक्त दूध होते. कंपनी देऊ करीत होती ते हॉटेलातील रात्रीचे भोजन, म्हणजे आमच्या दृष्टीने उपवासच.

त्या रांगेत आपल्याकडचे दोन गृहस्थ होते. एक टेबलावर हात आपटून मोठ्याने बोलत होते. दुसरे हात जोडून म्हणत होते, ‘जाऊ द्या साहेब, आपले नशीब, क्षमा करावी.’ दोघांनाही जे मिळाले ते सारखेच होते. खिडकीतील मुलगी सकाळपासून उभी असावी. बिघाड तिने केलेला नव्हता. आमची पाळी आल्यावर मी तिला एवढेच सांगितले की, आम्हांस रात्रीचे जेवण नको. सूर्यास्तापूर्वी फळे आणि गरम पाणी हवे आहे. तिने घड्याळ पाहिले, कारण विचारले नाही, आणि तेथल्याच दुकानात चालणारी कुपने हाती दिली. सूर्यास्तास पंधरा मिनिटे असताना सौ.नी केळी आणि खाकरा घेऊन पच्चक्खाण केले. त्यांचा नियम राहिला. पण तो राहिला, कारण आम्ही काय हवे ते नेमके मागितले.

मुंबईस आम्ही सुमारे २४ तास उशिरा पोहोचलो. या विलंबाबद्दल युरोपात कायदा आहे. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास, तसेच भारतातून तेथे जाणाऱ्या संघातील कंपनीच्या विमानास तो लागतो. ताटकळलेल्या प्रवाशास खाणेपिणे व गरजेप्रमाणे मुक्काम द्यावा लागतो. अंतिम ठिकाणी तीन तास वा अधिक विलंब झाल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई आहे. भारतासारख्या लांबच्या प्रवासास सर्वांत वरची रक्कम. वादळासारखी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे वगळली आहेत. पण नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. नियमात बदलाची चर्चा चालू असल्याने प्रवासापूर्वी चालू तरतूद पाहून घ्यावी.

घरी परतल्यावर मी पत्र लिहावयास बसलो. तेव्हा आपल्या शास्त्रातील चार कषाय हीच मला तक्रारपत्राची उत्तम कसोटी वाटली. क्रोध : पत्रात एकही कठोर शब्द नको, वाचणारा कारकून अपराधी नसतो. मान : ‘आपण मला ओळखत नाही’ अशी भाषा नको, आपला हुद्दा, वय, ओळखी यांचा उल्लेखही नको. माया : न झालेला खर्च दाखवू नये, उशिराचा एक तासही वाढवू नये. लोभ : नियमाने देय आहे तेवढेच मागावे. हे चार गाळले की पत्रात तारीख, विमानाचा क्रमांक, विलंबाचे तास, नियमाचा क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील एवढेच उरते. बँकेत पस्तीस वर्षे अर्ज वाचले, त्यावरून सांगतो की असाच अर्ज लवकर निकाली निघतो.

सहा आठवड्यांनी उत्तर आले. त्यात पुढील प्रवासासाठी सवलतीचे कूपन देऊ केले होते. प्रवाशाची लेखी संमती असल्याशिवाय रोख भरपाईऐवजी कूपन देता येत नाही, अशी त्याच नियमात तरतूद आहे. ती मी नम्रपणे कळविली. चौथ्या महिन्यात प्रत्येकी ६०० युरो खात्यात जमा झाले.

एका स्नेह्यांनी मला विचारले, ‘आपण अपरिग्रह मानणारे, मग हे मागणे शोभते का?’ प्रश्न योग्य आहे. मला असे वाटते की, जे आपले आहे हे ठाऊक असून सोडणे हा त्याग होय. ठाऊक नाही म्हणून सुटणे हे केवळ अज्ञान होय, आणि भीतीमुळे सोडणे ही तर दुर्बलता होय. क्षमा ही समोरच्या व्यक्तीला करावयाची असते. हिशेब हा संस्थेशी असतो. संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, म्हणून उधारीची वही कोणी फाडून टाकत नाही. त्या मुलीविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, आणि कंपनीकडून देय रक्कमही मी घेतली. या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही.

जाता जाता दोन सूचना. सामान न आल्यास किंवा फाटल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी नोंद करून प्रत घ्यावी. माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत करावी लागते. तसेच प्रवेशपत्रिका, कुपने, पावत्या यांतील एकही कागद घरी पोहोचेपर्यंत टाकू नये. दुकानदाराच्या घरात जन्मलेल्यांना हे निराळे सांगावयास नकोच.