मिठी नको, पाला तोडा

कोस्टा रिकात जाऊन स्लॉथची अनाथ पिले सांभाळण्याची हौस जगभरच्या तरुणांना लागली आहे. विमानाचे तिकीट स्वतःचे, राहण्याजेवणाचा खर्च स्वतःचा, वर तिथल्या बचाव केंद्राला देणगी. आपल्याकडे एखाद्या घरात असा विषय निघाला की वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: पैसे देऊन काम करायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न केंद्रालाच विचारायला हवा. पिलाला हात लावू देणार का? ‘हो, अगदी कुशीत घ्या’ असे उत्तर आले, तर तिकीट काढू नये.

तीनबोटी स्लॉथच्या तोंडाची ठेवणच अशी आहे की तो कायम हसतोय असे वाटते. भ्याला तरी हसतो, आजारी पडला तरी हसतो. माकड अंगावर येते, पोपट ओरडून घर डोक्यावर घेतो; स्लॉथ घाबरला की बहुधा जागच्या जागी थिजतो. उंच झाडावर गरुडाच्या नजरेतून वाचायला ही युक्ती कामाला येते. माणसाच्या कुशीत मात्र तीच त्याच्यावर उलटते, कारण पर्यटकाला वाटते, किती शांत आहे, किती लाडात आलाय! कोस्टा रिकाच्या सरकारला हा उच्छाद इतका वाढलेला दिसला की 2019 मध्ये वन्यप्राण्यांबरोबर सेल्फी काढू नका, अशी मोहीमच काढावी लागली. फोटो हवाच असेल तर कापडी स्लॉथ घेऊन काढा, असेही सुचवण्यात आले. गंमत अशी की बचाव केंद्रात आई गेलेल्या पिलालाही कापडी खेळणेच देतात. जन्मल्यापासून ते आईच्या पोटाला चिकटलेले असते; धरायला काही नसले तर कासावीस होते. तेव्हा पर्यटकाला कापडी प्राणी दिला, यात त्याचा काही अपमान झाला असे मानायचे कारण नाही.

मग स्वयंसेवकाने करायचे काय? पाला तोडायचा. सेक्रोपिया या झाडाची कोवळी पाने आणायची, धुवायची, जुड्या करून उंचावर बांधायच्या आणि तासाभराने त्यातली किती खाल्ली ते बघायचे. पिंजरे घासायचे, फडकी धुवायची, वजने लिहायची. लहान पिलांना शेळीचे दूध सिरिंजने थेंबथेंब पाजतात. पण ते काम चांगल्या केंद्रात कायमच्या एकदोन माणसांकडेच असते, आणि तसेच असायला हवे. हे जनावर बाहेरच्या हवेबरोबर गरम-थंड होते. गारठले तर आतड्यातले जंतू मंदावतात आणि भरल्या पोटी उपासमार होऊ शकते. खाल्लेले पान पचायला दिवसच्या दिवस लागतात. पोट साफ होते ते साधारण आठवड्यातून एकदा. जंगलात त्यासाठी ते झाडावरून थेट जमिनीपर्यंत उतरते. त्या एका खेपेत वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा उतरू शकतो. म्हणून केंद्रातल्या वहीत त्या दिवसाची नोंद पडली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. हा प्रसंग फोटोत फारसा खुलत नाही.

कोणते पान खायचे हे पिलू आईच्या ओठांवरचे तुकडे चाटून शिकते. हे शिक्षण द्यायला माणूस कितीही प्रेमळ असला तरी उपयोगाचा नाही. त्यात दर पंधरवड्याला नव्या माणसाचे हात, नवा वास, नवे लाड! असे वाढलेले पिलू जंगलात सोडले तर वाटेवरच्या पहिल्या माणसाकडेच हात पसरणार. म्हणून जाणती माणसे आधी आई शोधतात. पिलाचा टाहो ध्वनिमुद्रित करून, ते जिथे सापडले त्या झाडाखाली स्पीकरवर वाजवतात. कधी आई खाली उतरते, पिलू घेते आणि जाते. आपल्याकडे जुन्नर भागात ऊसतोडणीत बिबट्याचे बछडे सापडले की वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसे हेच करतात. बछडे खोक्यात घालून, अंधार पडता पडता त्याच फडात ठेवायचे आणि मादीला ते नेऊ द्यायचे. तिथेही अडचण एकच: खात्याची गाडी येईपर्यंत अर्ध्या गावाचे सेल्फी काढून झालेले असतात.

पिले अनाथ होतात कशाने, हा प्रश्न मिठीच्या गडबडीत मागे पडतो. जंगल तुटले, मधूनमधून रस्ते आणि बंगले आले, की एका झाडावरून दुसऱ्यावर जायला स्लॉथला विजेची तार तेवढी उरते. तारेवर आवरण नसते. आई जळते, छातीला बिलगलेले पिलू कधीकधी वाचते. जे जिवंत हाती लागतात त्यातल्या काहींचा हात कापावा लागतो. 2021 मध्ये कोस्टा रिकाने स्लॉथला राष्ट्रीय चिन्हाचा मान दिला. मान मोठाच, पण त्याने तारेतला करंट कमी होत नाही. महाराष्ट्राच्या जेमतेम एक षष्ठांश एवढा हा देश. तोडलेले जंगल पुन्हा उभे केले म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. तारांना आवरण घालणे त्यापुढे फार अवघड नसावे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेबेका क्लिफ यांची संस्था झाडांच्या मध्ये दोरांचे पूल बांधते. स्लॉथ त्यांवरून जातातही. दोर बांधायला आणि झाडे लावायलाही माणसे लागतात, पण ‘मी दोर बांधला’ या फोटोला पसंतीचे अंगठे कमी मिळतात.

ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांनी जरूर जावे, फक्त निघण्याआधी कामचलाऊ स्पॅनिश शिकावे. रात्री कुत्रा बांधून ठेवत जा, हे केंद्राशेजारच्या घरी जाऊन सांगायला ती लागते. उपचाराला येणाऱ्या स्लॉथांत कुत्र्यांनी फाडलेले कमी नसतात.